थराथरांतून जाणारा ध्वनी: दोन राशी हातात धरून गणित सोडवण्याची रीत

वर हवा, तिच्याखाली कोमट पाणी, मग थंड पाणी, मग गाळ, गाळाखाली घट्ट वाळू. ध्वनीच्या वाट्याला एकसारखं माध्यम क्वचितच येतं. प्रत्येक सीमेवर त्याचा काही भाग मागे फिरतो आणि काही पुढे जातो. पुढे गेलेल्यातला थोडा पुढच्या सीमेवरून परततो आणि आधीच्या सीमेवर पुन्हा दुभंगतो. तीन थर झाले की हे येणं-जाणं मोजत बसणं हाताबाहेर जातं, आणि बरेच जण इथेच वही मिटतात.

एकेका प्रतिध्वनीचा पाठलाग करण्याची गरजच नसते. कोणत्याही खोलीवर ध्वनीची पूर्ण अवस्था दोन आकड्यांत मावते: तिथला दाब, आणि तिथल्या कणांचा वर-खाली होणारा वेग. सीमा ओलांडताना हे दोन आकडे तुटत नाहीत. ते हातात धरून एका थरातून दुसऱ्या थरात उतरत गेलं, की थर दोन असोत वा दोनशे, रीत तीच राहते. ती रीत इथे पायरीपायरीने मांडतो. अवकलन, संमिश्र संख्या आणि २×२ मॅट्रिक्सचा गुणाकार एवढं येत असेल तर पुरे.

लेखात ‘द्रायू’ हा शब्द येईल. द्रव आणि वायू या दोघांना मिळून मराठीत असलेला हा नेमका शब्द आहे. द्रायू कातर ताण (एक थर दुसऱ्यावरून बाजूला सरकवणारा ताण) धरून ठेवत नाही, म्हणून त्यातून दाबाची एकच लाट जाते. घन पदार्थात कातर लाटाही येतात आणि दोनऐवजी चार राशी सांभाळाव्या लागतात. १९५० मध्ये थॉमसन आणि १९५३ मध्ये हॅस्केल यांनी घन थरांसाठी मॅट्रिक्सची पद्धत मांडली. द्रायूची पद्धत म्हणजे तिचंच सोपं रूप.

पायरी १: थर मांडा आणि चिन्हं पक्की करा

थर आडवे आणि सपाट आहेत, आणि गुणधर्म फक्त खोलीनुसार बदलतात असं धरू. खोली खालच्या दिशेने धन मोजायची. चिन्हं अशी:

घ = थराची घनता
ग = थरातला ध्वनीचा वेग
ज = थराची जाडी
ख = खोली
द = ध्वनीमुळे दाबात पडलेला फरक
व = कणांचा उभा वेग
ओमेगा = २ × पाय × वारंवारता
इ = काल्पनिक एकक, म्हणजे इ × इ = −१

ग आणि व यांची गल्लत करू नका. ग हा लाटेचा वेग, पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर. व हा कणांचा जागच्या जागी होणारा हेलकावा, आणि तो त्या तुलनेत नगण्य असतो.

ग कुठून येतो? ग^२ = आयतनी स्थितिस्थापकता गुणांक (आकारमान दाबताना होणारा विरोध) ÷ घनता. यात एक जुना खड्डा आहे. न्यूटनने १६८७ मध्ये हवेतला वेग काढताना तापमान कायम राहतं असं धरलं, आणि उत्तर सुमारे १५ टक्के कमी आलं. हवेचा भाग दाबला गेला की क्षणभर तापतो, आणि ती उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही. ही दुरुस्ती लाप्लासने केली. म्हणून तक्त्यातून गुणांक उचलताना तो समतापी नसून समोष्णी, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण न होता मोजलेला, आहे ना हे बघून घ्या. पाण्यात फरक किरकोळ पडतो, वायूत मोठा.

पायरी २: एकाच वारंवारतेची लाट घ्या, समीकरणं दोनच उरतात

खरा आवाज अनेक वारंवारतांचा बनलेला असतो, पण एकेक वारंवारता वेगळी सोडवून शेवटी बेरीज करता येते. आपण काळाचा घटक ‘उणे इ ओमेगा काळ’ या घातांकाचा धरू. काही पुस्तकं उणेऐवजी अधिक धरतात. दोन्ही बरोबर आहेत, पण एका गणितात दोन्ही मिसळले तर उत्तर चुकलंच म्हणून समजा.

थरातला एकूण तरंगांक (वेव्हनंबर, म्हणजे २ × पाय ÷ तरंगलांबी) त = ओमेगा ÷ ग. लाट तिरकी जात असेल तर त्याचे दोन घटक पडतात: आडवा तरंगांक आ आणि उभा तरंगांक उ.

आ^२ + उ^२ = त^२

पूर्ण विषयातलं सर्वांत उपयोगी वाक्य आता येतं: आ सगळ्या थरांत एकच असतो. सीमा आडवी आणि अमर्याद आहे. तिच्या वरची आणि खालची लाट प्रत्येक बिंदूवर जुळायची असेल, तर दोन्हींचा आडवा ठेका सारखाच हवा. उभ्या दिशेपासून मोजलेला कोन घेतला तर आ = त × साइन(कोन), आणि यातूनच स्नेलचा नियम आपोआप बाहेर पडतो:

साइन(कोन१) ÷ ग१ = साइन(कोन२) ÷ ग२

आता भौतिकी. न्यूटनचा दुसरा नियम सांगतो की दाबातला फरक कणांना ढकलतो. वस्तुमानाची अक्षय्यता सांगते की कण एका जागी गोळा झाले की दाब वाढतो. दोन्ही नियम एका वारंवारतेसाठी लिहून आडवा वेग काढून टाकला की उरतं ते असं:

खोलीनुसार द बदलण्याचा दर = इ × ओमेगा × घ × व
खोलीनुसार व बदलण्याचा दर = इ × उ^२ × द ÷ (ओमेगा × घ)

दाबाचा बदल वेग ठरवतो आणि वेगाचा बदल दाब ठरवतो. यापुढे येणारं सगळं या दोन ओळींतून निघतं. त्या पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतः काढून पाहा, अर्ध्या पानाचं काम आहे.

यात एक राशी सारखी डोकावते, तिला नाव देऊ. थराचा संरोध, म्हणजे इम्पीडन्स:

सं = ओमेगा × घ ÷ उ = घ × ग ÷ कोसाइन(कोन)

फक्त खाली जाणारी लाट असेल तर द ÷ व = सं. फक्त वर येणारी असेल तर द ÷ व = −सं.

पायरी ३: सीमेवर काय जुळवायचं

दाब दोन्ही बाजूंना सारखा हवा. नाहीतर शून्य जाडीच्या सीमेवर मर्यादित बल लागून अमर्याद त्वरण येईल. उभा वेगही सारखाच हवा, नाहीतर दोन द्रायूंमध्ये फट पडेल किंवा ते एकमेकांत घुसतील.

सर्वांत जास्त दिसणारी चूक इथली आहे. शिकताना मीही ती केली आहे, म्हणून सावकाश सांगतो. इतर गणितांच्या सवयीने ‘फल सलग, त्याचा उतारही सलग’ असं लिहिलं जातं. ध्वनीत दाबाचा उतार सलग नसतो. सलग असतो तो उतार भागिले घनता, कारण पायरी २ च्या पहिल्या ओळीनुसार वेग म्हणजे तेच. चुकीची अट वापरली तर घनता गणितातून अदृश्यच होते. समान वेगाच्या पण वेगळ्या घनतेच्या दोन द्रायूंमधून ध्वनी बिनबोभाट पार होतो असं उत्तर येतं. प्रत्यक्षात तिथेही परावर्तन होतं.

आडवा वेग मात्र जुळवायचा नाही. आदर्श द्रायू सीमेवर एकमेकांवरून घसरू शकतात.

पायरी ४: एक सीमा, दोन माध्यमं

वरच्या माध्यमात १ एवढ्या दाबाची लाट खाली येते, प एवढी परतते आणि पा एवढी पार जाते. दाब जुळवा: १ + प = पा. वेग जुळवा: (१ − प) ÷ सं१ = पा ÷ सं२. सोडवलं की:

प = (सं२ − सं१) ÷ (सं२ + सं१)
पा = २ × सं२ ÷ (सं२ + सं१)

हवेतून पाण्यावर सरळ पडणारा ध्वनी घ्या. २० अंश सेल्सिअसला हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि वेग ३४३ मीटर प्रति सेकंद, म्हणून संरोध सुमारे ४१२. पाण्याची घनता ९९८, वेग १४८२, संरोध सुमारे १४ लाख ७९ हजार. गुणोत्तर जवळजवळ ३६०० येतं. सूत्रात टाकलं की प = ०.९९९४ आणि पा = १.९९९४.

पा जवळजवळ दोन! पाण्यातला दाब हवेतल्या मूळ लाटेच्या दुप्पट? हो, आणि त्यात विसंगती काहीच नाही. ऊर्जा म्हणजे दाबाचा वर्ग भागिले संरोध, आणि पाण्याचा संरोध प्रचंड आहे. पार गेलेली ऊर्जा = ४ × सं१ × सं२ ÷ (सं१ + सं२)^२, म्हणजे सुमारे ४ ÷ ३६००, ०.११ टक्के. डेसिबलमध्ये सुमारे २९.५ ची घट. दाबाचा गुणांक आणि ऊर्जेचा गुणांक वेगळे आहेत हे या एका उदाहरणावरून कायमचं लक्षात राहतं.

उलट दिशेने, पाण्यातून हवेकडे, प = −०.९९९४. उणे चिन्हाचा अर्थ दाबाची लाट उलटी होऊन परतते. म्हणूनच पाण्याखालच्या गणितात पृष्ठभागावर सरळ ‘द = ०’ धरतात.

पायरी ५: क्रांतिक कोनापलीकडे घाबरू नका

खालच्या माध्यमात वेग जास्त असेल तर एका कोनानंतर (हाच क्रांतिक कोन) साइन(कोन२) चं मूल्य १ पेक्षा मोठं होतं. कोन म्हणून याला अर्थ नाही, पण आपण कोनांऐवजी आ आणि उ धरून चाललो आहोत, त्यामुळे गणित अडत नाही. उ२^२ ऋण होतो आणि उ२ काल्पनिक होतो:

उ२ = इ × √(आ^२ − त२^२)

वर्गमुळाचं चिन्ह धनच घ्या. या निवडीने लाट खोलीबरोबर विरत जाते, उलट निवडीने खाली फुगत जाते. प्रोग्रॅमिंगच्या काही भाषा संमिश्र संख्येचं वर्गमूळ आपल्या नियमाने निवडतात, म्हणून उत्तराचा काल्पनिक भाग धन आहे का ही तपासणी स्वतः लिहा.

सं२ आता पूर्ण काल्पनिक झाला, आणि सूत्रात टाकल्यावर प चं परिमाण बरोबर १ येतं. ऊर्जा सगळी परतते, फक्त कला (फेज, म्हणजे लाटेचा हेलकावा किती पुढे-मागे आहे ते) बदलते. पण खालचं माध्यम अगदी शांत नसतं. पाण्याचा वेग १५००, तळाचा १६०० धरला तर क्रांतिक कोन उभ्या रेषेपासून ६९.६ अंश. ८० अंशांनी येणारी १०० हर्ट्झची लाट घ्या: त१ = ०.४१८९, आ = ०.४१२५, त२ = ०.३९२७ प्रति मीटर. वरचं वर्गमूळ ०.१२६ येतं, म्हणजे दर ८ मीटर खोलीला दाब सुमारे ३७ टक्क्यांवर उतरतो. तळाच्या त्या ८ मीटरमध्ये एखादा वेगळा थर असेल तर पूर्ण परावर्तनातही तो आपलं अस्तित्व दाखवतो.

कोनाबद्दल आणखी एक सूचना. प्रकाशाच्या पुस्तकांत कोन उभ्या रेषेपासून मोजतात, सोनारवाले बहुधा आडव्या पातळीपासून मोजतात. वरचे ६९.६ अंश त्यांच्या भाषेत २०.४ अंश होतात. कुठलाही आलेख वाचण्याआधी हे बघा.

पायरी ६: मधे एक थर आला की

आता खरी गंमत. पायरी २ ची समीकरणं एका थरात, जिथे घ आणि ग स्थिर आहेत, सोडवली की थराच्या माथ्यावरचे द आणि व तळाच्या द आणि व शी असे जोडले जातात (फाय = उ × ज):

द(तळ) = कोसाइन(फाय) × द(माथा) + इ × सं × साइन(फाय) × व(माथा)
व(तळ) = (इ ÷ सं) × साइन(फाय) × द(माथा) + कोसाइन(फाय) × व(माथा)

ही झाली थराची २×२ मॅट्रिक्स. तिचा निश्चयक कोसाइन वर्ग अधिक साइन वर्ग, म्हणजे १. हा आकडा प्रोग्रॅममध्ये छापून बघण्याची सवय लावा.

तळाशी द ÷ व चं गुणोत्तर सं(खाली) असेल तर माथ्यावरून दिसणारा संरोध:

सं(माथा) = सं × [सं(खाली) − इ × सं × टॅन(फाय)] ÷ [सं − इ × सं(खाली) × टॅन(फाय)]

म्हणजे खालचं सगळं जग माथ्यावर उभ्या असलेल्या लाटेला एका संमिश्र आकड्याएवढंच दिसतं. खाली दहा थर असोत वा शंभर, तिला फरक पडत नाही.

आकडे घालू. वर पाणी, संरोध १.५ (सगळे संरोध दशलक्षांत, पास्कल-सेकंद प्रति मीटर). मधे मऊ गाळ: घनता १५००, वेग १६००, संरोध २.४, जाडी ०.४ मीटर. खाली घट्ट तळ: घनता २०००, वेग १८००, संरोध ३.६. गाळ द्रायूसारखा वागतो असं धरू, सरळ खाली येणाऱ्या लाटेसाठी ते चालतं.

गाळ नसता तर प = (३.६ − १.५) ÷ ५.१ = ०.४१२. १७ टक्के ऊर्जा परत आली असती.

१००० हर्ट्झला गाळातली तरंगलांबी १.६ मीटर, म्हणजे थर बरोबर पाव तरंगलांबीचा. टॅन अनंताकडे जातो आणि सूत्र आकसून सं(माथा) = सं^२ ÷ सं(खाली) = ५.७६ ÷ ३.६ = १.६ उरतं. प = ०.१ ÷ ३.१ = ०.०३२. परतणारी ऊर्जा ०.१ टक्का! चाळीस सेंटिमीटर गाळाने तळ जवळजवळ पुसून टाकला. कारण साधं आहे: गाळाच्या माथ्यावरून परतलेली आणि तळावरून परतलेली लाट एकमेकींच्या विरुद्ध कलेत येतात. गाळाचा संरोध √(१.५ × ३.६) = २.३२ असता तर प शून्य झाला असता. अल्ट्रासाउंडच्या प्रोबवर जो जुळवणीचा थर चढवतात, त्याच्यामागे हेच गणित आहे.

२००० हर्ट्झला थर अर्ध्या तरंगलांबीचा होतो, टॅन शून्य, आणि सं(माथा) = सं(खाली). गाळ जणू नाहीच, प पुन्हा ०.४१२. ५०० हर्ट्झला टॅन = १, सं(माथा) = २.२१५ + ०.९२३ इ, प चं परिमाण ०.३०५, परतणारी ऊर्जा ९.३ टक्के. वारंवारता बदलत नेली की परावर्तन असं वर-खाली झुलत राहतं, आणि या झोक्यांमधल्या अंतरावरून थराची जाडी मोजता येते.

पायरी ७: कितीही थर

सगळ्यांत खालच्या अर्ध-अनंत (ज्याला खाली सीमाच नाही अशा) माध्यमापासून सुरुवात करा. तिथून वर काही परतत नाही, म्हणून त्याचा संरोध थेट माहीत असतो. मग वरचं सूत्र थरामागून थर वर लावत या. शेवटी पहिल्या माध्यमाशी तुलना करून प काढा.

कागदावर टॅनचं सूत्र छान आहे. संगणकावर ते पाव तरंगलांबीपाशी फुटतं, आणि मॅट्रिक्सचा गुणाकार विरणाऱ्या थरांत बिघडतो. तिथे फाय काल्पनिक असल्याने कोसाइन आणि साइन दोन्ही घातांकाने फुगतात. १६ अंकी अचूकतेत, विरण्याचा दर (पायरी ५ मधलं वर्गमूळ) गुणिले जाडी १८ च्या आसपास पोचली, की लहान घटक मोठ्या घटकाच्या पोटात नाहीसा होतो आणि उत्तराला काही अर्थ उरत नाही.

म्हणून मी संरोधाऐवजी परावर्तन गुणांकच वर नेतो:

प(माथा) = (प० + प(खाली) × क) ÷ (१ + प० × प(खाली) × क)

इथे प० हा वरच्या एकट्या सीमेचा गुणांक (पायरी ४ चा), प(खाली) हा थराच्या तळाशी जमलेला एकूण गुणांक, आणि क हा थरातून एकदा खाली जाऊन वर येण्याचा गुणक: क = कोसाइन(२ × फाय) + इ × साइन(२ × फाय). विरणाऱ्या थरात हा क आपोआप लहान होतो, त्यामुळे काही फुटत नाही. तिथे तो साइन-कोसाइनने न काढता घातांकाच्या फलाने थेट काढा. वरचं उदाहरण पुन्हा पाहा: प० = ०.२३१, प(खाली) = ०.२, १००० हर्ट्झला क = −१. उत्तर ०.०३२, आधीचंच.

माध्यमात ऊर्जा शोषली जात असेल तर ग ला छोटा काल्पनिक भाग द्या: ग × (१ − इ × क्षय). आपल्या काळाच्या चिन्हासाठी हा भाग उणेच हवा. बाकी एकही ओळ बदलावी लागत नाही.

पायरी ८: वेग पायऱ्यांनी न बदलता हळूहळू बदलत असेल तर

समुद्रात असंच असतं. हर्मन मेडविन यांचं १९७५ चं सोपं सूत्र वरच्या हजार मीटरसाठी पुरेसं आहे (ट = सेल्सिअस तापमान, क्षार = भाग प्रति हजार, ख मीटरमध्ये):

ग = १४४९.२ + ४.६ट − ०.०५५ट^२ + ०.०००२९ट^३ + (१.३४ − ०.०१ट)(क्षार − ३५) + ०.०१६ख

३५ क्षारतेला पृष्ठभागावर २० अंशांना १५२१.५ आणि १० अंशांना १४९० येतात. तापमान दहा अंशांनी उतरलं की सेकंदाला ३१.५ मीटर गेले. तेवढे दाबाच्या पदातून भरून काढायला ढोबळ हिशेबाने जवळजवळ २००० मीटर खाली जावं लागेल. म्हणून वेग आधी तापमानामुळे घटतो, थंडी स्थिरावली की दाबामुळे वाढू लागतो, आणि मधे कुठेतरी किमान येतो.

गणिताचे इथे दोन रस्ते आहेत. पहिला: पाण्याचे पातळ काप करायचे, प्रत्येकात वेग स्थिर धरायचा आणि पायरी ७ लावायची. कापाची जाडी तरंगलांबीच्या दहाव्या भागाएवढी घेऊन सुरुवात करा, मग निम्मी करा, आणि उत्तर हललं नाही की थांबा. दुसरा रस्ता किरणांचा, वारंवारता मोठी असताना. साइन(कोन) ÷ ग हे गुणोत्तर किरणाच्या वाटेवर कायम राहतं. वेग खोलीबरोबर समान दराने बदलत असेल तर किरण बरोबर वर्तुळाच्या कंसात वळतो:

त्रिज्या = ग ÷ (बदलाचा दर × साइन(कोन))

फक्त दाबाचा परिणाम असलेल्या पाण्यात दर ०.०१६ प्रति सेकंद, म्हणून आडवा निघालेला किरण सुमारे ९४ किलोमीटर त्रिज्येच्या कंसात वर वळतो. किरण नेहमी कमी वेगाच्या बाजूला झुकतो. किमान वेगाच्या पातळीवरून निघालेला किरण वर गेला तर खाली वळतो, खाली गेला तर वर वळतो, आणि त्याच पट्ट्यात अडकून राहतो. मॉरिस युइंग आणि लामार वर्झेल यांनी १९४४ मध्ये हा खोल ध्वनिमार्ग प्रयोगाने दाखवला, आणि लिओनिद ब्रेखोव्स्कीख यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ समुद्रात केलेल्या स्फोटांचा आवाज सुमारे पावणेचार तासांनी, जवळजवळ २०,००० किलोमीटरवर, बर्म्युडाजवळ टिपला गेला. स्नेलच्या साध्या नियमात एवढं सामर्थ्य आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

किरणांच्या सूत्राला जिथे किरण एकमेकांना स्पर्श करत गर्दी करतात तिथे तीव्रता अनंत दिसते. ती खरी नसते. तिथे पहिल्या रस्त्याने जा.

पायरी ९: अडकलेल्या ध्वनीचे मोड

उथळ पाण्यासाठी वर पृष्ठभाग, खाली जास्त वेगाचा द्रायू तळ, असं मॉडेल पेकेरिस यांनी १९४८ मध्ये सोडवलं. आपल्या दोन राशींनी ते चार ओळींत होतं. पृष्ठभागावर द = ०, म्हणून व = १ घेऊन सुरुवात करा. पायरी ६ च्या मॅट्रिक्सने तळाशी या: द = इ × सं१ × साइन(फाय), व = कोसाइन(फाय). तळाखाली फक्त विरणारी लाट हवी, म्हणजे द ÷ व = सं२, आणि तो काल्पनिक. जुळवलं की:

टॅन(उ१ × ज) = −(घ२ × उ१) ÷ (घ१ × विरण्याचा दर)

ही अट आ च्या काही निवडक किमतींनाच पुरी होते. त्या प्रत्येक किमतीचा एक मोड, म्हणजे पाण्यात अडकून पुढे जाणाऱ्या ध्वनीचा एक ठरलेला आकार. उत्तर सूत्राने निघत नाही, दोन बाजूंचे आलेख जिथे छेदतात ते बिंदू संगणकाने शोधायचे. टॅनच्या प्रत्येक शाखेत फार तर एक मूळ असतं, म्हणून शाखा वेगळ्या करून शोधा, नाहीतर मुळं निसटतात.

मोड कधी जन्मतो ते मात्र सूत्राने मिळतं. विरण्याचा दर शून्य होतो तेव्हा:

किमान वारंवारता = (२न − १) × ग१ ÷ (४ × ज × √(१ − ग१^२ ÷ ग२^२)), न = १, २, ३…

खोली १०० मीटर, वेग १५०० आणि १६००: पहिला मोड १०.८ हर्ट्झला. त्याखालचा आवाज पाण्यात अडकत नाही, तळात गळून जातो. १०० हर्ट्झला पाच मोड मिळतात. घनता या सूत्रात नाही हे पाहा. ती मोडचा आकार ठरवते, पण त्याच्या जन्माची वारंवारता ठरवत नाही.

पायरी १०: उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी

सगळे थर एकाच द्रायूचे करा, प शून्य यायला हवा. एका थराची जाडी शून्य करा, तो थर गायब व्हायला हवा. शोषण नसेल आणि लाट खालच्या माध्यमात खरोखर जात असेल, तर प च्या परिमाणाचा वर्ग अधिक (सं१ ÷ सं२) × पा च्या परिमाणाचा वर्ग = १. उत्तर हजारांशाने जरी चुकलं तरी ते गोल करून सोडून देऊ नका, कारण अशा गणितात छोटी चूक बहुतेक वेळा चिन्हाची असते आणि पुढच्या थराला मोठी होते. स्रोत आणि श्रोता यांची अदलाबदल करून दाब तोच येतो का हेही पाहा. द्रायू स्थिर असेल तर यायलाच हवा. वारा किंवा प्रवाह असेल तर ही तपासणी लागू नाही, आणि पायरी २ ची समीकरणंही नव्याने लिहावी लागतील.

आणि हाताने काढलेले आकडे जवळ ठेवा. पायरी ६ च्या गाळासाठी ५०० हर्ट्झला ०.३०५, १००० ला ०.०३२, १५०० ला पुन्हा ०.३०५, २००० ला ०.४१२, पायरी ९ साठी १०.८ हर्ट्झ. १५०० हर्ट्झचा आकडा बरोबर आला पण कलेचं चिन्ह ५०० हर्ट्झसारखंच दिसलं, तर टॅनचं चिन्ह कुठेतरी हरवलं आहे. ते सापडल्यावरच चौथा थर घाला.